पांढऱ्या तोंडाचा फेन

आधी मेघनाताईंचं नाव घेतो, फिडेलिस. मग तुझं. तुला राग यायचा नाही. तूच सांगायचास की तुझे बाबा गोष्ट सांगायला बसले की आधी पाणी कुणी आणून दिलं त्याचं नाव घेतात, मग गोष्ट.

तर मेघनाताई. पुण्याच्या. इथे आखातात अल मनखूलला राहतात, इन्शुरन्सच्या ऑफिसात आहेत. तुला आठवत असतील. मुलीसाठी लव्हबर्डची जोडी न्यायला आमच्या दुकानात आल्या होत्या आणि गाडी लावली तुझ्या गेटसमोर. तू हटकलंस. त्या म्हणाल्या, "फाइव्ह मिनिट्स ओन्ली." तू म्हणालास, "मॅडम, इन देरा एव्हरीबडी इज फाइव्ह मिनिट्स." त्याच. त्यांनी ऑफिसातून सुट्टी टाकली, मला गाडीत बसवलं, तुला ठेवलं होतं तिथपर्यंत आणलं, तुझ्या बाबांना फोन लावला आणि मला बोलायला लावलं. त्या नसत्या तर लाल पीस माझ्या खिशातच राहिलं असतं आणि तू रिकाम्या खिशाने विमानात चढला असतास.

आता काय झालं ते. तू गेलास. लेबर कँपमधल्या खाटेवरून सकाळी उठलाच नाहीस. ड्यूटीची बस खाली हॉर्न देत राहिली आणि वरच्या खाटेवरचा तुझा नेपाळी दोस्त तुला हलवत राहिला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. त्यातलं हे 'नसेल' मला आता झोपू देत नाही.

हे मी मराठीत लिहितोय. तुला मराठीतलं 'काय रे' आणि 'चल' एवढंच येत होतं, तेही तू पक्ष्यांशी बोलताना वापरायचास. पण माझी शाळा आठवीत सुटली. तोवर हाताला जे वळण लागलं ते याच अक्षरांचं. आपण दोघं जी भाषा बोलायचो, अर्धी हिंदी, अर्धी इंग्लिश आणि वर तुमच्याकडची मोडकी इंग्लिश, पिजिन, ती लिहिता येत नाही. ती उभ्यानेच बोलायची असते, एक डोळा गेटवर ठेवून.

बसवत नाही मला. चार ओळी लिहितो, उठतो, पिंजऱ्यांतलं पाणी बदलतो, बदललेलं पाणी परत बदलतो. काल अरबाब, म्हणजे दुकानाचा मालक, म्हणाला, "खलास हबीबी, पक्षी पाण्यात बुडवशील." आणि आता हे लिहिता लिहिता त्याने आवाज दिला. कोपऱ्यातल्या मोठ्या पिंजऱ्यातल्याने. तू ड्यूटीवर यायचास त्या वेळेला रोज देतो. देऊन झाला की गप्प बसतो, मान वाकडी करून रस्त्याकडे बघतो, वाट बघतो. उत्तर नाही आलं की परत देतो. मी उत्तर दिलं तर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

तू दुकानात पहिल्यांदा आलास तो टोपी हातात घेऊन. शेजारच्या बिल्डिंगला नवा वॉचमन आलाय एवढंच मला माहीत होतं. मी पपई कापत होतो. तू सलाम नाही, दुआ नाही, सरळ त्या पिंजऱ्यासमोर जाऊन उभा राहिलास. हिरवंगार अंग, डोक्यावर लाल तुरा, पिवळी चोच. बसलेला असला की एवढंच दिसतं. त्याच वेळी त्याने एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडी मारली, पंख उघडले, आणि आत लपवलेलं लालभडक दिसलं, हिरव्या कोटाला आतून लाल अस्तर लावावं तसं.

"फेन," तू म्हणालास. देवळात किंवा मशिदीत बोलतात तेवढ्याच आवाजात. मग माझ्याकडे वळून, "ये किधर से आया?"

"अरबाब के फार्म से. उम्म अल कुवैन."

"नो, नो, नो. ये मेरे गाँव का है. कामेरून. माउंटन के ऊपर. दुनिया में और किधर नहीं है ये."

अरबाब गिऱ्हाइकांना जे सांगतो ते मला पाठ होतं. मी म्हणून दाखवलं, "टुराको बोलते इसको. अंगोलावाला. फार्म में पैदा हुआ, सब पेपर है."

"अंगोला?" तू असा हसलास की लव्हबर्ड सगळे एका बाजूला उडाले. "अंगोला को क्या मालूम फेन का!" मग पुढे वाकलास, नाक जाळीला लागेपर्यंत. "इसका मुँह सफेद है."

"तो?"

"फेन का मुँह राख जैसा होता है." बराच वेळ बघत राहिलास आणि मग स्वतःच स्वतःची समजूत काढलीस, "एसी में रहके गोरा हो गया."

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, रात्रभर विचार केला, तो फेन नाही. असला तर लांबचा चुलतभाऊ. आणि तुझं तोंड असं उतरलेलं होतं की मला राहवेना, मी पार्टी बदलली. कालपर्यंत मी अंगोला अंगोला करत होतो तो आता म्हणायला लागलो की फेनच आहे. तुरा लाल, पंख लाल, आवाज तोच, तूच म्हणतोस. तोंडाचं काय घेऊन बसलास? मीपण इथे येऊन काळा पडलो, अम्मी व्हिडिओ कॉलवर ओळखत नाही, म्हणून काय मी तौफिक नाही?

"तौफिक कौन? तू टॉफी है," तू म्हणालास.

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. चहा घेताना, कचऱ्याचा डबा ओढताना, सुट्टीच्या दिवशी खाडीच्या काठाला धो, ती लाकडी गलबतं, बघत बसलो असताना. मी म्हणायचो फेन, तू म्हणायचास नाही. मधेच मी थकून "बरं, नाही" म्हटलं की तू हळूच विचारायचास, "लेकिन आवाज तो वोही है ना?"

त्या भांडणातूनच मला तुझा डोंगर कळला. डोक्यावर तळं असलेला डोंगर. दुपारपर्यंत धुकं उठत नाही. मध पांढरा, साखरेसारखा थिजलेला. जंगल पूर्वी खालपर्यंत होतं, आता शेतं चढत चढत वर गेली आणि जंगल टोपीएवढं उरलं, आणि त्या टोपीत फेन. तुमच्याच देशातल्या माणसांना तो माहीत नाही, तू म्हणायचास, शहरातल्यांना विचारलं तर कोंबडीची जात सांगतील. पण तुझ्या गावात त्याच्या पंखाचं एक लाल पीस गावचा राजा देतो. कुणीही उठून आपल्या टोपीत खोवायचं नाही. राजाने द्यायचं. तुझ्या बाबांच्या टोपीत होतं. त्यांनी कशासाठी मिळवलं ते तू मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलंस, त्यातली कुठली खरी ते विचारायचं राहून गेलं.

"तेरे को कब मिलेगा?" मी विचारलं होतं.

"मेरे को? वॉचमन को?" तू गेटकडे हात केलास. "मैं उधर नहीं है, टॉफी. जो उधर नहीं, उसके लिए कौन बोलेगा?"

माझ्या छातीचं तुला पहिल्यापासून माहीत होतं. घरी कुणाला अजून माहीत नाही. रूमवर आम्ही एवढे जण की पडदा ओढला की आपली खाट म्हणजे खोकं. एक दिवस दुपारी खोक्यातून उठून कामाला निघालो आणि दुकानाच्या दाराशी श्वासच लागेना. छातीत कुणीतरी पिंजऱ्यावर धडका मारतंय असं वाटलं. हाताला मुंग्या, पायात गोळे. मला वाटलं, झालं, बाणकोटच्या खाडीकाठाहून इतक्या लांब येऊन फुटपाथवर मरतोय. लोक बाजूने जात होते. तू खुर्ची सोडून आलास. सोडायची परवानगी नसते. येऊन माझ्या शेजारी रॅम्पवर बसलास आणि पहिला शब्द म्हणालास तो, "आशिया."

तो शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. नंतर तू समजावलंस. कुणी ओझं उचलताना दिसला, कुणी ठेच खाऊन पडला, कुणाचं माणूस गेलं, तुमच्यात सगळ्याला एकच शब्द. मला दिसतंय तुझं, एवढाच अर्थ. मराठीत असा शब्द मी अजून शोधतोय.

"फेन का माफिक कर," तू म्हणालास. आणि पोटातून आवाज काढलास. खोल, एकेक सुटा. कू. थांब. कू. थांब. शेवटाकडे ते पटपट जवळ जवळ येतात आणि मग संपतात. "जल्दी जल्दी नहीं. फेन को जल्दी नहीं होता. उसका जंगल में मीटिंग नहीं है." मी रडत होतो आणि कू कू करत होतो. रस्त्यावरून एक पठाण टॅक्सीवाला गाडी हळू करून बघून गेला. पण श्वास बसला, फिडेलिस. आणि दुकानाच्या आतून, कोपऱ्यातून, त्या पांढऱ्या तोंडाच्याने तुला उत्तर दिलं. तू मान वळवून बघितलंस. तोपर्यंत त्याने दुकानात कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवसापासून तुमचं दोघांचं रोज सकाळचं सुरू झालं आणि माझा दम लागणं कमी झालं. डॉक्टरकडे जा, असंही तूच मला म्हणत राहिलास. जातो आता. ताईंनी नंबर लावून दिलाय.

सुपरवायझरने कॅमेऱ्यात बघून तुला झापलं होतं. मला ते तू सांगितलं नाहीस, तुझ्या बदलीवरच्या माणसाने सांगितलं.

आणि ऑगस्टमधला तो दिवस. सकाळी शटर उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ. एसी गेलेला. फिंच पिंजऱ्याच्या तळाला चोची उघड्या टाकून बसलेल्या. अरबाब फोन उचलत नव्हता, मेकॅनिक "इन्शाल्ला, संध्याकाळी" म्हणत होता. मी मधोमध उभा राहून फक्त स्वतःच्या छातीकडे लक्ष देत होतो. तू दारातून एकदा आत बघितलंस आणि तुझ्या लॉबीचं काचेचं दार वीट लावून उघडं ठेवलंस.

"यल्ला, टॉफी. फास्ट."

"तेरा नौकरी जाएगा."

"पहले बर्ड, बाद में नौकरी. उठा."

आपण पिंजरे ओढत नेले. लिफ्टसमोर, मेलबॉक्सखाली, तुझ्या टेबलावर, टेबलाखाली. लिफ्ट उघडली की आतला माणूस दचकून परत मागे सरायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मद्रासी आजींनी डब्यातून द्राक्षं आणून दिली. मोठा पिंजरा तू दोन्ही हातांनी कवटाळून आणलास आणि बरोबर एसीच्या झोताखाली ठेवलास, युनिफॉर्मवर त्याने काय केलं ते बघितलंही नाहीस. नंतर बिल्डिंगवाल्यांची वॉर्निंग आली. तू सही करून आलास आणि मला म्हणालास, "लिखा है, अनऑथोराइज्ड व्हिजिटर्स." आणि हसत सुटलास.

पिसाचं भांडण त्यानंतरचं. मी अरबाबकडून परवानगी काढून तुला उम्म अल कुवैनच्या फार्मवर नेलं होतं. वाळू, घाफची झाडं, आणि त्यांच्या सावलीत उंच जाळीत या जातीचे कितीतरी. तू बसमधून उतरून जाळीपाशी गेलास आणि टोपी काढलीस. एकाने आवाज दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. तिथला बंगाली मजूर म्हणाला, "भाई को क्या हुआ?" मी म्हणालो, "घर आया है." तू माझ्याकडे अशा नजरेने बघितलंस की मला कळेना, चिडलास की काय.

जाळीखाली एक लाल पीस पडलं होतं. या दिवसांत त्यांची पिसं गळतात. मी उचललं, शर्टाला पुसलं, तुझ्या टोपीत खोवायला गेलो. तू माझं मनगट धरलंस. जोरात.

"नहीं."

"अरे, गिरा हुआ है. किसी ने तोड़ा नहीं."

"उठाने का नहीं होता, टॉफी. देने का होता है."

"तो मैं देता ना!"

"तू राजा है?"

"राजा को बुलाऊँ क्या इधर, व्हिजिट व्हिसा पे?"

तू हसलास, पण मनगट सोडलं नाहीस. परतताना बसमध्ये, देरा यायच्या आधी तू म्हणालास, "तू रख. फेंकना मत." मी ठेवलं. आणि पुन्हा त्यावर बोलू म्हणून राहिलं. तुला ते हवं होतं की नको होतं, हेच मला कळलं नाही.

म्हणून तू गेल्यावर मला सुचेनासं झालं. तुझी पेटी त्या दिवशी बंद होणार होती. पीस मी टिश्यूत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. घातलं तर तू नको म्हणाला होतास. नाही घातलं तर तू डोंगरावर जाणार आणि तुझ्यासाठी बोलणारं कुणी नाही. मेघनाताई दुकानात मुलीच्या पक्ष्यांसाठी दाणे न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि दाण्यांचं विसरून विचारलं, "काय झालं रे?" इरा, त्यांची मुलगी, पिंजऱ्यापाशी उभी. ती म्हणाली, "मम्मा, व्हाय इज ही कॉलिंग अँड कॉलिंग?" मी सांगायला लागलो. ताई म्हणाल्या, "गाडीत सांग. चल."

शवागाराच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडी थांबवली, एसी चालू ठेवला.

"घालून टाक ना. कोण अडवतंय?"

"तोच अडवतोय, ताई."

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "मग ज्याला अधिकार आहे त्याला विचारू."

"राजाला?"

"राजाचा नंबर आहे तुझ्याकडे? वडिलांचा आहे ना? लाव."

फोन लागत नव्हता. लागला तर तुटत होता. मग एकदाचा तुझ्यासारखाच आवाज आला, फक्त कोरडा. ताईंनी इंग्लिशमधून आपण कोण ते सांगितलं, दुःख झालं म्हणाल्या. तिकडून तुझे बाबा म्हणाले, "आशिया." ज्याचा मुलगा गेला तो आम्हाला आशिया म्हणत होता.

ताईंनी पिसाचं विचारलं. मग ते बोलायला लागले आणि ताई मला मराठीत सांगायला लागल्या.

"विचारतायत, उपटलं की पडलं?"

"पडलं."

"उचललं कुणी?"

"मी."

"फिडेलिसने बघितलं होतं?"

"बघितलं. घेतलं नाही. म्हणाला, द्यायचं असतं, उचलायचं नसतं."

ताईंनी ते सांगितलं, तर फोनमधून हसल्यासारखं काहीतरी आलं. "म्हणतायत, मग तो नक्की माझाच." मग ताई ऐकत राहिल्या, कपाळाला आठ्या घालून. "विचारतायत, त्याने तिकडे काय केलं?"

"सांगा ना, चांगला होता. फार चांगला माणूस होता."

त्यांनी सांगितलं. लगेच उत्तर आलं. "चांगला नको म्हणतायत. मेल्यावर सगळे चांगलेच असतात. काय केलं ते सांग. घरच्या माणसाने सांगितलेलं चालत नाही, बाहेरच्याने सांगायचं. राजासमोर असंच विचारतात म्हणे."

आमच्यातही जनाज्याला विचारतात, माणूस कसा होता, आणि सगळे एका आवाजात म्हणतात, चांगला होता. मीही प्रत्येक वेळी म्हटलंय. पुढे कुणी विचारलं नाही की काय केलं त्याने. माझ्या छातीत परत धडका सुरू झाल्या.

"मला नाही जमणार, ताई. माझं शिक्षण नाही. मला बोलता येत नाही."

"तू बोल," त्या म्हणाल्या. "मी फक्त भाषा बदलते."

मी कू केलं, फिडेलिस. ताईंच्या गाडीत, त्यांच्यासमोर. सावकाश, पोटातून. आणि मग मी सांगितलं. रॅम्पवर बसलास ते. वीट लावून दार उघडं ठेवलंस ते. अनऑथोराइज्ड व्हिजिटर्स. मोठा पिंजरा कवटाळून आणलास ते. तुला कधी तोंडावर म्हटलं नव्हतं ते तुझ्या बाबांना सांगत होतो, एकेक वाक्य, आणि ताई एकेक वाक्य पलीकडे नेत होत्या.

"विचारतायत, पक्षी सगळे वाचले?"

मी हो म्हणणार होतो. "नाही. काही फिंच गेल्या."

"आणि हे पीस ज्याचं, त्या जातीचा?"

"तो वाचला. अजून आहे. रोज सकाळी तुमच्या मुलाला हाक मारतो."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, मग सांगितलं.

तुझ्या बाबांनी शेवटचं विचारलं, "त्याच्या तोंडाचा रंग कुठला?"

इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत आलो की फेनच आहे म्हणून. त्या वेळी राख म्हटलं असतं तर काम झालं असतं. "पांढरा," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. एवढंच. मग म्हणाले, डोक्यावर घालू नका, ते मी ठरवू शकत नाही. खिशात ठेवा. साबणाच्या पाण्याने धुऊ नका, रंग जातो. त्याला घरी येऊ द्या, मग बघू.

आत काउंटरवरच्या माणसाला मी घाबरत घाबरत पीस दाखवलं. "ये अंदर रखना अलाउड है?" तो म्हणाला, "फेदर? रखो, रखो. यल्ला." तुझ्या चर्चच्या लोकांनी तुला निळा सूट घातला होता. मला तू सुटात ओळखूच आला नाहीस. आणि कोटाचा वरचा खिसा उघडेना. नवा कोट, खिसा कंपनीतूनच टाक्यांनी बंद असतो तसा. मी नखाने ओढत होतो, धागा तुटत नव्हता, तो माणूस घड्याळ बघत होता. ताईंनी मागून हात पुढे केला, त्यांच्या चाव्यांच्या जुडग्यातला नेलकटर. मी एकेक टाका तोडला आणि पीस आत सरकवलं. बोट तुझ्या छातीला लागलं. गार होती आणि शांत होती. माझी नव्हती.

परतताना पुलावर ताई म्हणाल्या, अगदी रस्त्याकडे बघत, "माझ्याबद्दल असं कोण सांगेल रे?"

पुढे कितीतरी दिवस मी नुसता फोन बघत होतो. विमान उतरलं असेल का. तुमच्याकडे लढाई चालू आहे, रस्त्यावर बंदुका असतात, गाडी वर डोंगरापर्यंत जाऊ देतील का. पेटी कुणी उघडून पीस फेकलं तर नसेल. राजा रागावला तर. पांढरा म्हटलं ते चुकलं का.

काल फोटो आला. तुझे बाबा, विणलेली टोपी, टोपीत लाल पीस. सोबत त्यांचा आवाज. ताईंनी दोनदा ऐकला, मग मला सांगितला.

राजाने विचारलं. बाबांनी मी सांगितलेलं सगळं, फिंच मेल्यासकट, तसंच सांगितलं. राजा म्हणाला, द्या त्याला. तर बाबांनी आपल्या टोपीतलं जुनं पीस काढलं, खऱ्या फेनचं, आणि तुझ्या टोपीत घातलं. ते घेऊन तू मातीत गेलास.

"आणि खिशातलं?" मी विचारलं.

ताई म्हणाल्या, "फोटोत बघ ना. ते त्यांनी स्वतःच्या टोपीत खोवलंय. राजाला विचारून. म्हणतात, गावात सगळ्यांना सांगतो, मुलाने परदेशातून माझ्यासाठी आणलं. कुणाला फरक कळत नाही. मला कळतो, पण मी सांगत नाही."

तर भांडणाचं काय झालं, फिडेलिस? तू जिंकलास की मी? फेनचं तुझ्याकडे आहे, अंगोलावाल्याचं तुझ्या बाबांच्या डोक्यावर आहे, आणि डोंगरावर कुणी विचारलंच तर तुझे बाबा फेन म्हणणार. मी फोटो नेऊन पिंजऱ्याला लावला. त्याने मान वाकडी करून बघितलं आणि रस्त्याकडे तोंड करून परत हाक मारली. मी उत्तर दिलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उद्या परत देईन. फेनला जल्दी नसते.

हा लेख मेघनाताईंनी तपासला, र्‍हस्वदीर्घ त्यांनी नीट केलं. हा शेवटचा भाग मात्र त्यांना न दाखवता जोडतोय, यातल्या चुका माझ्या. ताई, तुम्ही पुलावर विचारलंत त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. तुमचं हे देणं माझ्यावर आहे आणि ते मी कधीतरी फेडणार. तो दिवस इन्शाल्ला खूप लांब असो. पण कुणी, कुठेही, इराने किंवा तुमच्या पुण्यातल्या माणसांनी, विचारलं की मेघनाने तिकडे काय केलं, तर मला बोलवा. मी उभा राहीन, दम लागला तर आधी कू करीन, आणि चांगल्या होत्या असं अजिबात म्हणणार नाही. पार्किंगपासून सुरुवात करीन. नेलकटरपर्यंत सगळं सांगीन.